धुऱ्यावरचं झाड

आदिलाबादच्या काळ्या रानात दर वर्षी असे काही दिवस येतात, जेव्हा माणसाच्या जिवाचा वैरी बदलतो आणि जागा मात्र तीच राहते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरतो आणि नवतपा लागतो. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, यवतमाळ-चंद्रपुरापासून आमच्या बेला-जैनथपर्यंत, या नऊ दिवसांचं नाव काढलं तरी घशाला कोरड पडते. २ जून २००७ रोजी शेजारच्या चंद्रपुरात पारा ४९ अंशांवर गेला होता, तोही नवतप्यातच. मग सात-आठ जूनला मृग लागतो. वखरून ठेवलेल्या वावरात बाया सरकी टोबायला उतरतात आणि दुपार कलली की आभाळ भरून येतं. नवतप्यात ज्या मोहाखाली शिदोरी सोडलेली असते, त्याच मोहाकडे मृगात सगळ्यांचे पाय आपोआप वळतात. मला बोलायचं आहे ते या आपोआप वळणाऱ्या पायांबद्दल.

आमचा जिल्हा जंगलाचा म्हणून ओळखला जातो. पण बाहेरच्या माणसाला एक गोष्ट इथे मे महिन्यात आल्याशिवाय कळत नाही. हे जंगल मुख्यतः सागाचं आहे, आणि साग उन्हाळ्यात उघडा होतो. उटनूरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते करडे खांब उभे असतात आणि खाली पानांचा कुरकुरीत थर असतो. एवढं मोठं रान, पण बसायला हातभर सावली सापडत नाही. उरतात ते चिंच, आंबा, कडुनिंब, वड आणि मोह. त्यातही मोह सगळ्यांत शहाणा. फुलं गळून गेली की त्याला तांबूस पालवी फुटते, आणि बाकीचं रान भाजून निघत असतं तेव्हा तो गच्च होऊन उभा राहतो. जंगल तोडून वावर काढताना जुन्या माणसांनी साग पाडला, धावडा पाडला, मोह मात्र राखला. फुलांसाठी राखला, बियांच्या तेलासाठी राखला, आणि सावलीसाठी तर राखलाच. म्हणून आजही चार-पाच एकरांच्या सपाट काळ्या पट्ट्यात, धुऱ्यावर किंवा अगदी मधोमध, एकटाच मोह दिसतो.

त्या झाडाचं आणि माणसाचं नातं किती जुनं आहे, हे पुष्यात केसलापूरला नागोबाच्या जत्रेत गेलं की कळतं. मेस्राम घराण्यातली मंडळी हस्तिनामडुगूहून गोदावरीचं पाणी पायी घेऊन येतात आणि देवळाबाहेर वडाच्या झाडांखाली मुक्काम करतात. देवाच्या दारी आल्यावरही आसरा झाडाचाच. आमच्याकडे तान्ह्या लेकराची झोळी झाडाला बांधतात, पंचायत झाडाखाली बसते, सावकारही हिशेबाला झाडाखालीच बसायचा. माझा आजा दुपारी वावरातून हाक मारायचा तेव्हा "घरी चला" असं कधी म्हणाला नाही. तो म्हणायचा, "मोहाखाली या." लहानपणी माझ्या मनात सुरक्षित म्हणून जी पहिली जागा ठसली, ती घर नव्हती, ते झाड होतं. या भागातल्या हजारो माणसांच्या मनात तेच असणार.

उन्हाच्या बाबतीत हे शिक्षण अचूक होतं. आजही त्याहून चांगलं काही माझ्या पाहण्यात नाही. मोहफूल वेचायला बाया उजाडण्याआधी निघतात आणि ऊन चढायच्या आत टोपली घेऊन परततात. तेंदूपत्ता तोडणारे तांबडं फुटताना रानात असतात; दुपारी ते सावलीला बसून पुडे बांधतात. कामाचे तास उन्हाने ठरवायचे, ही समज इथे कुठल्याही सरकारी पत्रकाच्या कितीतरी आधीपासून आहे. पाण्यात कालवलेली ज्वारीची अंबील, चिमूटभर मीठ, कांदा, कैरीचं पन्हं, ताक. घाम घालवून बसलेल्या शरीराला जे हवं ते सगळं त्यात आहे. पुढे ओआरएस आलं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो कॉलरारुग्ण जगवले. लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढाच तो हिशेब. अंबिलीशी त्याचं भांडण नाही. खिशातला कांदा मात्र ऊन शोषत नाही. तो खाल्लेला बरा.

हे शिक्षण मोडलं ते दोन ठिकाणी. एक घरात. मातीच्या जाड भिंती आणि वर कवेलू, अशी घरं जाऊन टिनाचे पत्रे आले. पत्रा स्वस्त पडतो, वांदरं आली तरी फुटत नाही, दर पावसाळ्याआधी फेरायचं काम उरत नाही. पण मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी माणूस बसू शकत नाही, आणि स्लॅबच्या घरात रात्री झोपू शकत नाही, कारण दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्री ओकत राहतो. ऊन लागून दगावणारे सगळे वावरात दगावतात असं नाही. पत्र्याखाली एकटी पडलेली म्हातारी माणसं असतात, आणि रात्रीसुद्धा अंग थंड होत नाही म्हणून त्यांचं शरीर हळूहळू हरत जातं.

दुसरी मोडतोड कामाच्या वेळेची. शहरात बांधकामावर, वीटभट्टीवर, मालवाहू गाडीवर काम करणाऱ्या पोराला दुपार स्वतःच्या हाती ठेवता येत नाही. तो गावाकडून नुकताच आलेला असतो. शरीराला उन्हात काम करायची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि सगळ्यांत धोक्याचे असतात ते पहिले चार-पाच दिवस. नेमके त्याच दिवसांत नवा माणूस आपण कमी पडत नाही हे दाखवायला धडपडत असतो.

ऊन मारतं कसं, हे एकदा नीट समजून घेतलं की पुढचं बरंच सोपं जातं. हवा अंगाहून गार असते तोवर वारा आपल्याला गार करतो. पारा चाळिशीपार गेला की तोच वारा अंग तापवतो. मग उरतो फक्त घाम, त्याचं वाळणं. आमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आत उडून जातो. माणसाला वाटतं, आपल्याला घामच नाही, आणि आतलं पाणी तर संपत आलेलं असतं. जूनच्या सुरुवातीला पारा थोडा उतरतो पण हवेत ओल येते. घाम वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो, आणि चाळीस अंशांत जीव पंचेचाळीसपेक्षा जास्त घाबरा होतो. आतलं तापमान चाळिशीवर गेलं की मेंदू गडबडतो. काम करणारी बाई अचानक असंबद्ध बोलू लागली, चालताना झोक जाऊ लागला, चिडचिड करून पाणी झिडकारू लागली, की तिला ऊन लागलं आहे असंच धरायचं. अशा वेळी दवाखान्याची गाडी शोधत धावण्याआधी तिला आहे तिथेच सावलीत भिजवायची. लुगडं ओलं करायचं, वारा घालायचा, मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवायची, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. ते फुप्फुसात जातं. सावली, पाणी आणि सोबत, या तिन्ही गोष्टी त्या मोहाखाली मिळतात, म्हणून उन्हाच्या लढाईत ते झाड खरोखरच अर्धा दवाखाना आहे.

तेलंगण सरकारने एप्रिल २०२५ मध्ये उष्माघाताला राज्यापुरती आपत्ती मानलं आणि मृताच्या वारसांना द्यायची रक्कम पन्नास हजारांवरून चार लाखांवर नेली. हे चांगलं झालं. पण त्यासाठी मृत्यू उन्हाने झाला हे कागदावर यावं लागतं, आणि दूरच्या गुड्यावर, म्हणजे आदिवासी पाड्यावर, घरातच गेलेल्या म्हाताऱ्याचा कागद कोण करणार? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभर उष्माघाताचे ७३० बळी आहेत आणि वीज पडून गेलेले २,८८७. यातला पहिला आकडा मला खरा वाटत नाही. उन्हाने मेलेला माणूस हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, नाहीतर म्हातारपणाच्या नावावर जातो. विजेचा बळी लपत नाही, एवढाच त्या दोन आकड्यांतला फरक असावा.

उन्हातून तावूनसुलाखून निघालेला गाव मग मृगाच्या ढगांकडे आशेने बघतो. ती आशा खोटी नाही, पण तो ढग त्याच उन्हाचं लेकरू आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा वर झेपावते, समुद्रावरून आलेली ओल तिच्याबरोबर चढते, आणि दोन-तीन तासांत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्याच्या पोटात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळून वीज साठते. म्हणून जितकी दुपार रखरखीत, तितकी संध्याकाळ धोक्याची. सकाळपासून अंगाची तलखी होत असेल तर चारच्या पुढे वावरात थांबायचं नाही, हे उन्हाने आधीच सांगून ठेवलेलं असतं.

१२ जून २०२५ च्या दुपारी गादिगुडा मंडलातल्या पिप्रीच्या शिवारात माणसं शेतकामात होती. पाऊस आला. ती शेतातल्या झोपडीत शिरली. झोपडीवर वीज पडली आणि चौघांचा जीव गेला. त्याच दिवशी बेला मंडलातही दोन जीव गेले. एका जिल्ह्यात, एका दिवसात सहा. त्या माणसांनी काहीही वावगं केलं नव्हतं. पाऊस आल्यावर जे शहाणा माणूस करतो, जे त्यांच्या आई-आज्याने शिकवलं, तेच त्यांनी केलं. ती बातमी वाचल्यापासून मला चैन नाही ते यामुळेच. बेसावध माणसाला सावध करता येतं. पण सावध माणसाची सावधगिरीच त्याला चुकीच्या जागी नेत असेल तर त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं?

तरी सांगायला हवं, आणि कारणासकट सांगायला हवं. सपाट रानात जे उंच, त्यावर वीज पडण्याचा संभव जास्त. धुऱ्यावरचा एकटा मोह म्हणजे तिला दिलेली वाट. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरते, आतला रस क्षणात वाफ होतो, साल फुटून उडते, आणि लाकडापेक्षा माणसाच्या देहातून वाहणं तिला सोपं असल्याने ती खोडावरून बाजूच्या माणसावर झेप घेते. उरलेली जमिनीत पसरते. झाडाखाली बांधलेले बैल एकदम कोसळतात ते यामुळे. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठं, त्यामुळे एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघताना ती काळजातून जाते. खोपीचंही तसंच. कुडाच्या भिंती आणि वर तुराट्या किंवा पत्रा, यात विजेला जमिनीत नेणारं काहीच नाही. ती आतल्या माणसांतून वाट काढते. उन्हात जे घर नकोसं झालं होतं, ते स्लॅबचं पक्कं घर या वेळी खरा आसरा असतं. बंद काचांची, लोखंडी टपाची जीप किंवा बसही चालते. ऑटो चालत नाही. तो चहूबाजूंनी उघडा असतो आणि टपावर कापड असतं.

आमच्याकडे यावर एक सोपं उत्तर पूर्वापार दिलं जातं: कुणीतरी पायाळू असेल. पायांकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते, ही समजूत पैनगंगेच्या दोन्ही अंगांना पक्की आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात अशी मुलगी होती. आभाळ आलं की तिला वावरातून घरी हाकलत. तिचा जीव त्यामुळे कदाचित सुरक्षितही राहिला असेल. पण एका मृगात शेजारच्या शिवारात बैलजोडी गेली, तेव्हा ती त्या दिवशी धुऱ्यावरून गेली होती असं कुणीतरी म्हणालं, आणि ते तिच्या लग्नापर्यंत तिच्या मागे लागलं. या समजुतीचा मला राग येतो तो दुहेरी. एका निरपराध पोरीवर ठपका, आणि उरलेल्या सगळ्यांना खोटा दिलासा, की आपण पायाळू नाही म्हणजे आपण वाचलो. शेजारच्या छत्तीसगडात काही ठिकाणी वीज पडलेल्या माणसाला शेणात पुरतात. ज्या मिनिटांत त्याची छाती दाबून काळीज पुन्हा चालू करता आलं असतं, ती मिनिटं शेण गोळा करण्यात जातात. वीज पडलेल्या देहात वीज उरत नाही. त्याला हात लावायला भ्यायचं कारण नाही, आणि श्वास थांबलेला दिसला तरी मेला असं धरायचं नाही.

गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण टप्प्यात आलो, हे साधं गणित आहे. चमक दिसली की मोजायला लागावं; दर तीन सेकंदांना ढग साधारण एक किलोमीटर लांब. तिसाच्या आत आवाज आला तर हातातलं टाकून पक्क्या छताखाली जावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पाऊस पडतोय की नाही याच्याशी याचा संबंध नाही. पावसाच्या कितीतरी आधी, कोरड्या वाऱ्यातही वीज येते. छत गाठताच आलं नाही तर झाडापासून लांब, खोलगट जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये. आणि घोळका करू नये. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. भेदरलेल्या बाया एकमेकींना बिलगतात. पण वीस-पंचवीस पावलांचं अंतर ठेवलं तर एकीवर आलं तरी तिची छाती दाबायला दुसरी उरते. अशी उकिडवं बसणारी बाई सुरक्षित झाली असं मी म्हणणार नाही. तिचा धोका थोडा कमी झाला, इतकंच.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचं अ‍ॅप केलं आहे. आपण जिथे आहोत तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात विजा पडताहेत का, हे ते दाखवतं. ज्याच्या हाती स्मार्टफोन आहे त्याने ते ठेवावंच. पण टोबायला आलेल्या बायांच्या कमरेला फोन नसतो, असलाच तर मुकादमाच्या खिशात असतो. आणि आणखी एक अडचण या भागाची स्वतःची आहे. १९५६ मध्ये जुन्या आदिलाबादमधले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला; माणसांची बोली मात्र सरकली नाही. आज किनवटचा ढग मुंबईच्या हवामान केंद्राच्या हद्दीत उठतो, राजुऱ्याचा नागपूरच्या, आणि नदी ओलांडून इकडे आला की हैदराबादच्या. तिथून निघणारं पत्रक तेलुगू आणि इंग्रजीत असतं. बेल्यातल्या मराठी शाळेत शिकलेला म्हातारा शेतकरी ते वाचू शकत नाही, आणि गुड्यावरच्या कोलाम बाईला तर दोन्ही लिप्या सारख्याच परक्या. दवंडी आजही तिच्यापर्यंत पोहोचते. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून मराठीत, गोंडीत, कोलामीत "आभाळ येतंय, घरी या" एवढं एक वाक्य दुपारी दोन वाजता गेलं तर ते अ‍ॅपपेक्षा जास्त कामाचं होईल, असं माझं ठाम मत आहे.

पण बोलावून माणूस येणार कुठे? वावर गावापासून दोन-तीन किलोमीटर असतं, आणि चमकल्यापासून हाताशी असतात पाच-दहा मिनिटं. बांगलादेशाने २०१६ मध्ये वीज ही राष्ट्रीय आपत्ती मानली आणि रानोमाळ ताडाची झाडं लावायला घेतली, म्हणजे उंच ताड वीज अंगावर घेईल. ताड वाढायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि लावलेली झाडं टिकतात किती हा प्रश्न वेगळाच. मला त्यापेक्षा शिवारातली छोटी पक्की खोली पटते. चार भिंती, स्लॅब, वर वीजवाहक सळई, तिची तार जमिनीत खोल गाडलेली, आणि स्लॅबवर पांढरा चुना म्हणजे मे महिन्यातही आत बसवेल. बाहेर एक रांजण. नाल्यावर बांध घालायला, शेततळी खोदायला योजना आहेत. शिवाराशिवारात एक छत ही फार मोठी मागणी नाही. उन्हाला आणि विजेला दोघांना पुरेल असा आसरा आम्ही अजून बांधलेलाच नाही. आजवर उन्हाचा आसरा विजेला वापरत आलो.

ती खोली होईल तेव्हा होईल. आमच्या बाजूच्या गावातल्या टोबणीच्या बायांनी पिप्रीनंतर वाट बघितली नाही. त्यांची म्होरकी पन्नाशीची आहे, अंगठेबहाद्दर आहे, आणि कुणाच्या वावरात किती तास पडतील हे डोळ्यांनी मोजणारी आहे. यंदा तिने रोज ठरवायच्या आधीच एक अट घालायला सुरुवात केली. आणणारी गाडी ऑटो नको, लोखंडी टपाची हवी, आणि ती सोडून परत जायची नाही. माझ्याकडे आली तेव्हाही तिने आधी गाडीचंच विचारलं, मजुरीचं नंतर. गाडीवाला दिवसभर अडकणार, त्याचे पाचशे वर द्यावे लागणार, असं मी म्हटलं. ती ओसरीवरून उठली नाही.

"भाऊ, गाडी वावराच्या तोंडाशी उभी राहत असन तं येतो आम्ही," ती म्हणाली. "नाही तं दुसऱ्या बाया पाहा."

पाचशे दिले. आता गावातले बाकीचे शेतकरीही तिच्याशी बोलताना गाडीपासूनच सुरुवात करतात.